कोपऱ्यातल्या बाकावरून टीव्ही

दूरदर्शनवर ‘रामायण’ चालू होते त्या काळात, म्हणजे १९८७-८८ साली, एका टीव्हीपुढे किती माणसे बसत हे आठवून पाहा. खोली भरली की उरलेली दाराच्या चौकटीत आणि खिडकीच्या गजांपाशी उभी राहत. अगदी कडेला भिंतीला टेकलेल्या माणसाला चित्र अरुंद दिसे, थोडे वाकडेही दिसे. पण चेहरे पांढुरके पडले किंवा सावलीतले काही दिसेना, अशी तक्रार कोणी करत नसे. शाळांतून बालचित्रवाणीचे कार्यक्रम पाहणाऱ्या वर्गांचीही हीच गोष्ट. पुण्याची ही संस्था १९८४ ते २०१७ अशी चालली. तिच्या सुरुवातीच्या काळातल्या मुलांनी जे पाहिले, ते काचेच्या जाड ट्यूबवर पाहिले.

आता एक आजची खोली घेऊ. वसई रोड स्टेशन आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग यांच्यामध्ये वालीव आहे. औद्योगिक गाळ्यांचा हा भाग. गाळ्यांत काम करणारी कुटुंबे आसपासच्या चाळींत राहतात. दहा फूट रुंद, बारा फूट लांब अशी एक खोली कल्पनेत आणा. जमिनीवरची जागा मोलाची, म्हणून सपाट टीव्ही दहा फुटी भिंतीच्या मधोमध, पण उंच लावलेला. पडद्याचा मध्य जमिनीपासून साडेसहा फुटांवर. क्रिकेटचा सामना आहे, आठ-दहा माणसे चटईवर बसली आहेत. त्यांपैकी जो बाजूच्या भिंतीला टेकून, पडद्याच्या भिंतीपासून चार फुटांवर बसला आहे, तो पडद्याकडे बाजूने सुमारे ४८ अंशांतून पाहतो. शिवाय बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून अडीच फुटांवर, म्हणजे तो खालूनही सुमारे ३४ अंशांतून पाहतो. दोन्ही मिळून पडद्याच्या लंबाशी त्याच्या नजरेचा कोन ५६ अंशांच्या घरात जातो. सपाट टीव्हीच्या जाहिरातीतले कुटुंब सोफ्यावर बरोबर समोर बसलेले असते. आपल्याकडचा प्रेक्षक बहुधा असा कडेला आणि खाली असतो, आणि वर्गातली परिस्थिती फारशी वेगळी नाही.

हे लिहिण्याचे कारण वर्गच आहे. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर कितीतरी गावांनी लोकवर्गणी काढून शाळेला टीव्ही घेऊन दिला. गावाच्या पैशातून आलेली ती वस्तू वर्गातल्या चाळीस मुलांपैकी किती जणांना नीट दिसते, हे मात्र क्वचित पाहिले जाते. शिक्षक स्वतः पडद्याजवळ किंवा बरोबर समोर उभे असतात, आणि तिथून सगळे उत्तमच दिसते.

कडेला बसल्याने नुकसान दोन प्रकारचे होते. ही दोन एकमेकांपासून वेगळी ओळखता आली पाहिजेत, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत.

पहिले नुकसान निव्वळ भूमितीचे. पडद्याकडे ६० अंशांतून पाहिले तर त्याची रुंदी निम्मी दिसते, कारण ६० अंशांची कोज्या ०.५ आहे. उंची तेवढीच राहते. ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ सारखे गुंतागुंतीचे अक्षर निम्म्या रुंदीत दाबले गेले की वाचणे अवघड होते. हे फळ्यालाही लागू आहे, छापील तक्त्यालाही. कितीही महाग टीव्ही आणला तरी हे नुकसान भरून निघत नाही.

दुसरे नुकसान सपाट पडद्यापुरतेच आहे. रंग फिके पडणे, काळ्याचा राखाडी होणे, क्वचित चित्र उलटेपालटे म्हणजे फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसणे, हे सगळे त्यात येते. जुन्या ट्यूबमध्ये काचेच्या आतल्या बाजूला फॉस्फरचा थर असे. इलेक्ट्रॉन आदळले की तो स्वतः चमके आणि त्याचा प्रकाश सगळ्या दिशांना पसरे. दिवा जसा खोलीत कुठूनही दिसतो तसे ते होते. एलसीडी पडद्यात चित्राचा ठिपका स्वतः चमकत नाही. मागे एक पांढरा दिवा सतत जळत असतो आणि पुढे लाखो सूक्ष्म झडपा असतात. आज दुकानात ज्याला ‘एलईडी टीव्ही’ म्हणतात तोही बहुतेक वेळा हाच. एलईडी फक्त मागच्या दिव्यापुरते. खिडकीच्या झडपा अर्धवट उघड्या असल्या तर समोरून एक दिसते आणि कडेने दुसरेच. इथेही साधारण तसेच होते, फक्त झडप लाकडाची नसून द्रवस्फटिकाची असते.

बाजारात हा फरक सहज दाखवता येतो. मासळीवालीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर लाल आकडे असतील तर ते एलईडीचे. गिऱ्हाइकांच्या गर्दीत कुठेही उभे राहा, वजन वाचता येते. करड्या पट्टीवर काळे आकडे असतील तर तो एलसीडी, आणि नीट वाचायला समोर यावे लागते.

द्रवस्फटिक ही वस्तू जुनी आहे. प्रागमधले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनित्सर यांना १८८८ साली कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाचे दोन वितळणबिंदू आढळले. आधी गढूळ द्रव, आणि आणखी तापवल्यावर स्वच्छ द्रव. गढूळ अवस्थेत रेणू द्रवासारखे वाहतात, पण स्फटिकासारखी दिशा राखून असतात. पडद्यासाठी निवडलेल्या द्रवस्फटिकांचे रेणू लांबट असतात. विजेचा दाब दिला की त्यांची दिशा बदलते, आणि त्यांतून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशावर होणारा परिणामही बदलतो. झडप चालते ती या गुणावर.

रेणूच्या जागी आपण खडू घेऊ. नवा, अख्खा खडू फळ्याला चिकटवून उभा धरा, जसा भिंतीवर लटकलेला असावा तसा. समोरच्या मुलाला त्याची पूर्ण लांबी दिसते. आता त्याचे टोक सरळ त्या मुलाकडे रोखा. त्याला फक्त एक पांढरी टिकली दिसेल. ध्रुवित प्रकाशाचेही असेच आहे. प्रकाशकिरण ज्या दिशेने येतो त्या दिशेने रेणूची जेवढी लांबी ‘दिसते’, तेवढा रेणूचा त्याच्यावर परिणाम. टोकाच्या दिशेने गेलेल्या किरणावर परिणाम जवळजवळ शून्य.

मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेलफ्रिश यांनी १९७०-७१ साली जी रचना मांडली तिला टीएन म्हणतात. तिच्यात काचेच्या दोन पातळ तावांमध्ये काही मायक्रोमीटर जाडीचा द्रवस्फटिकाचा थर असतो. एका काचेपासून दुसरीपर्यंत जाताना रेणूंची दिशा गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी ९० अंश वळत जाते. दोन्ही बाजूंना ध्रुवकाच्या पट्ट्या, एकमेकींना काटकोनात. वीज नसते तेव्हा रेणू काचेला समांतर निजलेले असतात. प्रकाशाचे ध्रुवण त्यांच्याबरोबर वळते आणि प्रकाश दुसऱ्या पट्टीतून बाहेर पडतो. ठिपका पांढरा. पूर्ण दाब दिला की रेणू पडद्याला लंब उभे राहतात. ध्रुवण वळत नाही, प्रकाश अडतो. ठिपका काळा.

खरी गंमत मधल्या, करड्या छटेत आहे. त्या वेळी थराच्या मध्यावरचे रेणू अर्धवट उठलेले असतात. खडू फळ्यापासून ४५ अंश पुढे झुकवून त्याचे पुढचे टोक खाली, पहिल्या बाकाकडे रोखा. बरोबर समोर उभ्या मुलाला खडूची मध्यम लांबी दिसते, म्हणजे करडी छटा. पहिल्या बाकावर खाली बसलेल्या मुलीला नुसती टिकली दिसते, म्हणजे तिला तोच ठिपका काळा. आणि स्टुलावर चढलेल्याला पूर्ण लांबी दिसते, म्हणजे त्याला तो पांढुरका. एकच ठिपका, एकच दाब, पण तिघांना तीन छटा. आता पूर्ण काळ्याचा दाब द्या, म्हणजे खडू फळ्याला लंब करा. खालच्या मुलीला मघाची टिकली जाऊन पुन्हा थोडी लांबी दिसू लागली! तिच्या दृष्टीने काळा ठिपका करड्यापेक्षा उजळ झाला. खालून पाहताना काही लॅपटॉपवर माणसांचे चेहरे निगेटिव्हसारखे दिसतात, त्याचे मूळ हे आहे. वर्गात हे करून दाखवायला पाच मिनिटे पुरतात. तिघा मुलांना आपापल्या जागेवरून काय दिसते ते फळ्यावर लिहायला लावावे.

टीएन रचना स्वस्त लॅपटॉपमध्ये आणि संगणकांच्या पडद्यांत अजून आढळते. टीव्हीसाठी मुख्यतः दुसऱ्या दोन रचना चालतात. आयपीएस या रचनेत खडू कधी उठतच नाही. तो फळ्याला चिकटून निजलेला असतो आणि घड्याळाच्या काट्यासारखा जागेवर फिरतो. त्यामुळे डावीकडच्या आणि उजवीकडच्या मुलांना जवळजवळ सारखेच दिसते. व्हीए रचनेत उलट आहे. वीज नसताना खडू समोरच्या प्रेक्षकाकडे टोक करून असतो, म्हणून समोरून काळा अगदी गडद येतो. दाब दिला की तो कलतो. कडेच्या माणसाला मात्र त्या सरळ उभ्या खडूचीही लांबी दिसते, आणि गडद छटा उजळू लागतात. यावर एक युक्ती केलेली असते. प्रत्येक ठिपक्याचे दोन-चार भाग पाडून त्यांतले खडू वेगवेगळ्या दिशांना कलवतात. एका भागात छटा उजळली तर दुसऱ्यात काळवंडते आणि सरासरी बरी राहते. पण पूर्ण भरपाई होत नाही. समोरून व्हीए सरस, कडेने आयपीएस, असा हा सौदा आहे. समोरून पाहिल्यास साध्या आयपीएस पडद्याचा पांढरा त्याच्या काळ्यापेक्षा सुमारे हजारपट उजळ असतो. व्हीएमध्ये हे प्रमाण तीन हजारांच्या पुढे जाते. काळोख्या खोलीत समोर बसून चित्रपट पाहणाऱ्याला व्हीए आवडेल. चाळीस मुलांच्या उजेडाच्या वर्गाला मात्र आमच्या मते आयपीएस बरा. ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच चमकतो, त्यामुळे कडेने चित्र फारसे बिघडत नाही. थोडी रंगछटा बदलते, तीही पाण्यावरच्या तेलाच्या तवंगाचे रंग ज्या कारणाने बदलतात त्याच कारणाने. पण त्याची किंमत लोकवर्गणीच्या आवाक्यातली नाही.

या कहाणीत एक धागा आपल्या नागपूरचा आहे, आणि तो पाठ्यपुस्तकांत फारसा येत नाही. शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९५१ साली नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्राची एम.एस्सी. केली. सी. व्ही. रामन त्यांचे मामा. (ताऱ्यांवर काम करून नोबेल मिळवणारे चंद्रशेखर वेगळे. दोघांची गल्लत मुले हमखास करतात.) पुढे बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली. तोवर द्रवस्फटिकांचे रेणू लांबटच असायला हवेत असा समज होता. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी १९७७ साली ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. नाण्यासारख्या चपट्या रेणूंपासूनही द्रवस्फटिक बनतो, हे त्यात दाखवले होते. तेव्हा हा शोध शुद्ध कुतूहलाचा होता, टीव्हीचा विचार त्यात कुठे नव्हता.

पुढे जपानच्या फुजी फोटो फिल्म कंपनीने १९९०च्या दशकात याच जातीच्या चकतीरेणूंचा एक पातळ पापुद्रा तयार केला आणि टीएन पडद्याला दोन्ही बाजूंनी लावला. त्याचे कारण खडू आणि नाणे शेजारी धरले की कळते. खडू टोकाकडून टिकली दिसतो, बाजूने लांब. नाणे समोरून पूर्ण गोल, कडेकडून नुसती रेघ. प्रकाशावरचे दोघांचे परिणाम एकमेकांच्या विरुद्ध चिन्हाचे असतात. पडद्यातले खडू ज्या तऱ्हेने कललेले आहेत त्याच तऱ्हेने पापुद्र्यात नाणी कलवून बसवली, की तिरप्या किरणात खडूने जे वाढवले ते नाणे वजा करते. या पापुद्र्यामुळे टीएन पडदा कडेने पाहण्याजोगा झाला आणि संगणकांच्या सपाट पडद्यांचा प्रसार सोपा झाला.

आता दुकानात जाऊ. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘१७८ अंश’ असे छापलेले असते. दोन्ही बाजूंना ८९ अंश, म्हणजे जवळजवळ भिंतीला गाल लावून पाहण्याइतके. हा आकडा खोटा नसतो, पण त्याची व्याख्या पाहिली पाहिजे. ज्या कोनापर्यंत पांढरा ठिपका काळ्याच्या निदान दहापट उजळ राहतो, तो कोन इथे धरतात. काही वेळा तर पाचपटच धरतात. समोरून हजारपट असलेले प्रमाण कडेने दहापटीवर आले, म्हणजे शंभरातला एकच भाग उरला, तरी पडदा या परीक्षेत उत्तीर्ण. मधल्या करड्या छटांचे काय झाले आणि रंग कितपत टिकले हे ती परीक्षा विचारतच नाही. मोजणीही अंधाऱ्या खोलीत होते. म्हणून आयपीएस आणि व्हीए दोन्हींवर १७८ छापलेले सापडते, आणि प्रत्यक्षात दोन्ही कडेने सारखे दिसत नाहीत.

त्यापेक्षा पेनड्राइव्हवर एक चित्र घेऊन जावे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दहा पट्टे, आणि खाली पांढऱ्यावर फिक्या पिवळ्या रंगात, काळ्यावर गडद निळ्यात दोन-दोन ओळी मजकूर. शाळेच्या संगणकावर हे दहा मिनिटांत होते. दुकानात ते लावून बरोबर समोरून पट्टे मोजा, मग पार कडेला जाऊन मोजा, मग खाली बसून मोजा. विक्रेता हसेल, हसू द्या. दहापैकी नऊ पट्टे वेगळे दिसले तर पडदा चांगला. गडद बाजूचे तीन-चार पट्टे एक झाले तर विज्ञानाच्या चित्रफितीतले पेशीचे अंतरंग कोपऱ्यातल्या मुलाला दिसणार नाही.

पडदा आधीच घेतलेला असेल तर? मग कोन बदलायचा. सहा मीटर रुंदीचा वर्ग धरू. पहिला बाक समोरच्या भिंतीपासून दोन मीटरवर, आणि त्या ओळीतली टोकाची मुले मध्यापासून अडीच-अडीच मीटर अंतरावर. फळा मधोमध असल्याने टीव्ही बहुधा बाजूला जातो. समजा तो मध्यापासून दोन मीटर डावीकडे आहे. मग उजव्या टोकाच्या मुलासाठी आडवे अंतर साडेचार मीटर आणि समोरचे दोन, म्हणजे कोन ६६ अंश. अक्षरांची रुंदी त्याला ४१ टक्केच दिसते, आणि रंग बिघडतात ते निराळेच. डाव्या टोकाच्या मुलाचा कोन मात्र फक्त १४ अंश. आता फिरणाऱ्या स्टँडवर टीव्ही २६ अंश आतल्या बाजूला वळवा. दोघांचेही कोन ४० अंश होतात आणि उजव्या मुलाला अक्षरे ७७ टक्के रुंद दिसू लागतात. डाव्या मुलाचे थोडे नुकसान झाले, पण पहिल्या बाकावरच्या कोणाचाही कोन आता चाळिसाच्या वर नाही, आणि मागच्या बाकांवर तर तो आणखी कमी होतो. हे गणित नववी-दहावीच्या मुलांनी स्वतःच्या वर्गाचे माप घेऊन करावे. त्रिकोणमितीला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

उंचीचेही तेच. हात लागू नये म्हणून पडदा सात फुटांवर लावतात. त्याला आमची हरकत नाही, पण मग तो पुढे झुकवला पाहिजे. पडद्याचा मध्य २.१ मीटरवर आणि बाकावरच्या मुलीचे डोळे १.१ मीटरवर असतील, तर पहिल्या बाकावरून कोन सुमारे २७ अंश होतो. पडदा १५ अंश पुढे कलवला की तो १२वर येतो. मागच्या भिंतीजवळच्या मुलांचा कोन आधीच नऊ अंशांच्या आसपास असतो. त्यांना या कलण्याने सहाएक अंश उलट्या बाजूने पाहावे लागते, आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. कलणारा स्टँड साध्या स्टँडपेक्षा थोडा महाग पडतो. टीव्हीची वर्गणी काढतानाच त्याचे पैसे धरावेत.

राहिला खिडकीचा उजेड. “सर, फळा चमकतोय!” ही हाक प्रत्येक शिक्षकाने ऐकलेली असते, आणि ती नेहमी खिडक्यांसमोरच्या भिंतीकडच्या बाकांवरून येते. टीव्हीच्या गुळगुळीत पडद्यावर तीच चमक अधिक तीव्र असते. जो मुलगा कडेने पाहतो म्हणून त्याच्यापुरता पडदा आधीच फिका झाला आहे, त्यालाच खिडकीचे प्रतिबिंब दिसण्याचा संभव जास्त. पडदा वळवण्यापूर्वी एक छोटा आरसा त्याच्या पृष्ठभागावर मधोमध, पडद्याला समांतर धरावा आणि प्रत्येक बाकावरच्या मुलाला आरशात काय दिसते ते विचारावे. ज्याला खिडकी दिसली त्याची जागा नकाशावर खुणेने दाखवावी. दोन सत्रांची शाळा असेल तर हा नकाशा सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, असा दोनदा काढावा लागेल.